एकूण आकडा आधी द्या: भारताच्या कार्बन उत्सर्जनाबद्दल मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिके, साप्ताहिके आणि वृत्तवाहिन्यांचे सन्माननीय संपादक

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले, की देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा आता सौर, पवन, जल, अणू अशा बिगर-खनिज स्रोतांचा झाला आहे. २०३० साठी ठरवलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले गेले. बातमी खरी आहे आणि तिचा आनंदही रास्त आहे. मात्र ती वाचणाऱ्याला सहज वाटून जाते, की निम्मी वीज कोळशाविना होऊ लागली आणि देशाचे उत्सर्जन आता उतरणीला लागले. यातली पहिली समजूत चुकीची आहे. २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. दुसरी समजूत करून घेण्याची वेळ अजून आलेली नाही.

आम्ही ऊर्जेच्या आकडेवारीवर काम करणारी माणसे आहोत. आमचे मागणे एकच आहे. उत्सर्जनाची बातमी देताना देशाचा एकूण आकडा आधी द्या आणि तो काही दशकांच्या रेषेवर ठेवून द्या. क्षमता, तीव्रता, दरडोई हे सगळे त्यानंतर येऊ द्या.

ती रेषा अशी आहे. खनिज इंधने जाळून आणि सिमेंट बनवताना भारतातून १९५० साली सुमारे ६ कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. १९७० साली सुमारे १९ कोटी, १९९० साली ५८ कोटी, २००० साली ९८ कोटी, २०१० साली १६८ कोटी आणि २०१९ साली २६० कोटी टन. २०२४ चा आकडा ३२० कोटी टनांच्या जवळ आहे. ‘ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट’ या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञगटाच्या मालिकेतले हे आकडे आम्ही गोल करून दिले आहेत. अलीकडच्या चार दशकांत ठळक म्हणावी अशी घट एकाच वर्षी दिसते, २०२० साली. वाढीचा वेग पाहिला तर १९९० ते २०१० दरवर्षी साधारण साडेपाच टक्के, पुढची नऊ वर्षे पाच टक्के आणि २०१९ ते २०२४ चार टक्के. म्हणजे वेग कमी होतो आहे, पण रेषा अजून खाली वळलेली नाही. ही दोन वाक्ये एकत्र छापली, तरच वाचकाला खरे चित्र कळते.

या रेषेला आकार आला तो धोरणांमुळे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत भाक्रा, कोयना यांसारख्या प्रकल्पांमुळे जलविद्युतचा वाटा मोठा होता. १९७१ ते १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७३ मध्येच तेलाचे भाव भडकले, आणि देशी कोळसा हाच भरवशाचा आधार ठरला. १९७५ मध्ये एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीची स्थापना झाली आणि खाणींच्या तोंडाशी मोठी औष्णिक केंद्रे उभी राहू लागली. पुढचा मोठा टप्पा २००३ च्या वीज कायद्यानंतरचा. औष्णिक वीजनिर्मितीसाठी परवान्याची अट गेली, खासगी उत्पादक मोठ्या प्रमाणावर आले आणि मार्च २००७ मध्ये ७१ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे १,००० मेगावॅट) असलेली कोळशाची क्षमता मार्च २०१७ मध्ये १९२ गिगावॅटवर पोचली. आजच्या उत्सर्जनाचा विचार करताना या दहा वर्षांइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. औष्णिक संचाचे आयुष्य कागदावर २५ वर्षे धरतात, पण डागडुजी करत तो ३५-४० वर्षेही चालतो. २०१२ मध्ये सुरू झालेल्या संचाची पंचवीस वर्षे २०३७ मध्ये भरतील. त्याचे कर्ज, त्याचे वीजखरेदी करार आणि त्याला कोळसा पुरवणारी रेल्वे हे सगळे तोवर बांधलेले आहे.

आता तीव्रतेकडे येऊ, कारण सरकारी निवेदनांत सर्वांत जास्त वेळा येतो तो हाच आकडा. एक रुपयाचे सकल उत्पादन घडवताना किती वायू बाहेर पडतो, ती उत्सर्जन तीव्रता. २००५ ते २०२० या काळात भारताची तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली, असे सरकारने संयुक्त राष्ट्रांना डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले आहे. २०३० पर्यंत ४५ टक्के घट करण्याचे वचन आहे. हे गाडीच्या मायलेजसारखे आहे: मायलेज सुधारले तरी गाडी दुप्पट पळाली, तर पेट्रोल जास्तच लागते. पंधरा वर्षांत अर्थव्यवस्था दुपटीहून मोठी झाली. फक्त दुप्पट धरली तरी २ गुणिले ०.६४ म्हणजे १.२८, म्हणून उत्सर्जन वाढणारच होते.

हीच आकडेमोड पुढच्या काळासाठी करून पाहा. ३६ टक्क्यांची घट पंधरा वर्षांत पसरली, तर ती दरवर्षी साधारण २.९ टक्के पडते. अर्थव्यवस्था दरवर्षी ६.५ टक्क्यांनी वाढत असेल, तर एकूण उत्सर्जन नुसते स्थिर ठेवायला तीव्रता दरवर्षी ६.१ टक्क्यांनी घटायला हवी, म्हणजे आजवरच्या दुप्पट वेगाने. तीव्रतेच्या प्रत्येक बातमीत २.९ आणि ६.१ हे दोन आकडे शेजारी यावेत, असे आम्हाला मनापासून वाटते. त्यात सरकारवर टीका नाही आणि कौतुकही नाही. काम किती उरले आहे, तेवढे त्यातून कळते.

क्षमतेचा घोळ याहून सोपा आहे, पण तो जास्त वेळा होतो. मेगावॅट म्हणजे यंत्र एका क्षणी जास्तीत जास्त किती वीज देऊ शकते. युनिट म्हणजे त्याने वर्षभरात खरोखर किती दिली. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प २० टक्के वापर धरला तर वर्षाला साधारण १७.५ लाख युनिट देतो. रात्र, ढग, पावसाळा आणि पॅनेलवरची धूळ हे सगळे त्यात आले. एक मेगावॅटची औष्णिक क्षमता ६९ टक्के भारांकाने, म्हणजे ६९ टक्के वापर धरून, वर्षाला ६० लाख युनिट देते. म्हणजे कोळशाच्या एका मेगावॅटइतकी वीज मिळवायला सौरचे जवळजवळ साडेतीन मेगावॅट लागतात.

आता मागणी पाहू. वीजकंपन्यांची वार्षिक निर्मिती १,८०० अब्ज युनिटांच्या वर गेली आहे. मागणी सहा टक्क्यांनी वाढली, तर दरवर्षी सुमारे १०८ अब्ज युनिट जास्तीचे लागतात. २०२४-२५ मध्ये देशात जवळजवळ २४ गिगावॅट सौर आणि चार गिगावॅटच्या थोडी वर पवनक्षमता नव्याने जोडली गेली. त्यांची वार्षिक वीज धरली तर सौरची ४२ अब्ज आणि पवनची ९ अब्ज, मिळून ५१ अब्ज युनिट. उरलेले ५७ अब्ज जलविद्युत आणि अणुवीज यांनी थोडे भरून काढले, तरी बाकीचे कोळशावरच येतात. उलट, एखाद्या वर्षी मागणी फक्त दोन टक्क्यांनी वाढली तर जास्तीची गरज ३६ अब्ज युनिटांची, आणि मग कोळशाची वीज प्रत्यक्ष घटते. वीजक्षेत्राचे उत्सर्जन कधी थांबेल, हे या एका वजाबाकीवर ठरते: नवी स्वच्छ वीज वजा मागणीतली वाढ. आपल्या बातम्यांत ही वजाबाकी फार क्वचित दिसते.

त्यामुळेच एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नयेत. आपल्याकडे कोळसा किती जळेल, यात मान्सूनचा मोठा हात असतो. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. धरणांत पाणी कमी, म्हणून जलविद्युत घटली. त्याच वेळी शेतीपंप आणि पंखे जास्त चालले, म्हणून मागणी वाढली. दोन्हींची भरपाई कोळशाने केली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने त्या वर्षी भारताचे उत्सर्जन सुमारे १९ कोटी टनांनी वाढले आणि त्यातला पाव हिस्सा कमकुवत मान्सूनमुळे होता. २०२५ मध्ये नेमके उलटे घडले. २४ मे रोजीच पाऊस केरळात पोचला, उन्हाळा सौम्य गेला, सौरची भर विक्रमी होती, आणि वर्षाच्या पूर्वार्धात वीजक्षेत्राचे उत्सर्जन किंचित घटले. ही घट आशादायक आहे. पण तिच्यावरून ‘भारताने शिखर गाठले’ असा मथळा देता येत नाही, कारण तिच्यातला किती भाग सौरचा आणि किती ढगांचा, हे वेगळे काढावे लागते. त्यासाठी किमान तीन वर्षांची सरासरी घ्या.

२०२० ची घटही सरसकट टाळेबंदीच्या खात्यावर टाकली जाते. टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी लागली. कोळशाची वीजनिर्मिती त्याआधीच, २०१९-२० या आर्थिक वर्षात घटली होती. चांगला पाऊस आणि मंदावलेली अर्थव्यवस्था ही त्याची कारणे. आणि त्या वर्षाचा सरकारी आकडाही नीट वाचावा लागतो. ‘२०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये ७.९३ टक्के घट’ असे सांगितले गेले. ही घट जंगलांनी आणि जमिनीने शोषलेला वायू वजा करून काढलेली आहे. तो वजा केला नाही तर आकडा ३१३.२ कोटी टनांवरून २९५.९ कोटी टनांवर येतो, म्हणजे घट साडेपाच टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोघांचे अर्थ वेगळे आहेत. ऊर्जेबद्दल बोलायचे असेल तर जंगले बाजूला ठेवलेलाच आकडा घ्यायला हवा.

आकडे छापताना कुठे गडबड होते, ते आता थोडक्यात. पहिली जागा शून्यांची. एक मिलियन टन म्हणजे १० लाख टन, एक बिलियन म्हणजे १०० कोटी. ३.२ बिलियन टन म्हणजे ३२० कोटी टन, ३२ कोटी नव्हे. दुसरी, कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड यांची. काही शास्त्रीय आकडे नुसत्या कार्बनचे असतात. त्यांना ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ ने गुणले की कार्बन डायऑक्साइडचे वजन मिळते. तिसरी, वायूंची. वर दिलेल्या २९५.९ कोटी टनांत मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही धरलेले आहेत, भातशेती आणि गुरेढोरेही आहेत. ऊर्जेचा वाटा त्यात सुमारे तीन चतुर्थांश आहे. हा आकडा ‘ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट’च्या आकड्याशेजारी ठेवून वाढ-घट काढली, तर उत्तर निरर्थक येते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ साठी सुमारे २८० कोटी टन सांगितले आणि ‘ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट’ने सुमारे ३०६ कोटी. दोघांच्या हिशेबाची व्याप्ती आणि पद्धत वेगळी आहे. एक मालिका निवडा आणि तुलनेसाठी तिच्याशीच राहा.

वर्षाचा घोळ सर्वांत फसवा. कोळसा, वीज, पेट्रोल-डिझेल यांचे आपले आकडे एप्रिल ते मार्चचे असतात, जागतिक अहवाल जानेवारी ते डिसेंबरचे. ‘२०२३’ आणि ‘२०२३-२४’ यांत नऊ महिनेच सामाईक आहेत. शिवाय कोळशाचे उत्पादन म्हणजे जळालेला कोळसा नव्हे. २०२४-२५ मध्ये देशात पहिल्यांदाच १०० कोटी टनांहून जास्त कोळसा निघाला. त्यातला काही खाणींवर आणि केंद्रांच्या आवारात साठून राहतो, आणि जळणाऱ्यांत आयात केलेला कोळसाही असतो. उत्पादनावरून उत्सर्जन मोजले तर दोन्हीकडून चूक होते.

कोळशाची प्रतही मोजावी लागते. भारतीय कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. ३८ टक्के कार्बन असलेला एक टन कोळसा जळला, तर १.४ टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. आयात केलेल्या चांगल्या कोळशाच्या एका टनातून दोन टनांहून जास्त निघतो, पण त्याच टनातून वीजही जास्त मिळते. म्हणून टनांची तुलना न करता युनिटमागे किती किलो, ते पाहा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या माहितीसंचात देशाच्या ग्रिडसाठी हा सरासरी आकडा अलीकडे युनिटमागे ०.७२ किलोच्या आसपास आहे. त्यात नवीकरणीय वीज धरलेली आहे. ती वगळून काढलेला जुना ०.८२ चा आकडा शेजारी ठेवला, की घट फुगलेली दिसते. आणि हा आकडा केंद्राच्या फाटकापर्यंतचाच आहे. घरातल्या मीटरपर्यंत येताना सहापैकी साधारण एक युनिट तारांत आणि वितरणात गळते. तुमच्या घरच्या एका युनिटमागचा खरा आकडा म्हणूनच ०.८६ किलोच्या आसपास जातो.

आपल्या एखाद्या वार्ताहराला दर महिन्याला स्वतः अंदाज बांधायचा असेल, तर ते अर्ध्या दिवसाचे काम आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या मासिक अहवालातून कोळसा आणि लिग्नाइटची निर्मिती घ्या. ती एकूण निर्मिती असते, केंद्राने स्वतःसाठी वापरलेले सात-आठ टक्के त्यातच असतात, म्हणून तिला युनिटमागे ०.९ किलोने गुणा. बाहेर पाठवलेल्या विजेचा आकडा हाती असेल, तर ०.९५ ते १ किलो धरा. पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षाच्या मासिक तक्त्यातून डिझेल, पेट्रोल आणि एलपीजीचा खप घ्या. टनामागे डिझेलला ३.१९, पेट्रोलला ३.०७ आणि एलपीजीला २.९८ टन कार्बन डायऑक्साइड. डांबर वगळा, ते जळत नाही. नाफ्थ्याचा बराच भाग रसायनांत जातो, तो पूर्ण धरू नका. पेट्रोलमधले इथेनॉल वेगळे काढा, कारण वनस्पतिजन्य कार्बन राष्ट्रीय हिशेबात इंधनाच्या खात्यात धरत नाहीत. पडताळा म्हणून एक सोपा आकडा ध्यानात ठेवा: देशात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल खपते, म्हणजे त्यातून २८-२९ कोटी टन कार्बन डायऑक्साइड. उत्तर यापासून फार दूर गेले, तर कुठेतरी शून्य चुकले आहे.

या अंदाजात दोन मोठ्या गोष्टी निसटतात. एक, कारखान्यांची स्वतःच्या वापरासाठीची वीजकेंद्रे. ती वीजकंपन्यांच्या तक्त्यांत येत नाहीत. दुसरी, पोलाद, स्पंज आयर्न आणि सिमेंट यांच्या भट्ट्यांत थेट जाणारा कोळसा. भारतात एक टन कच्चे पोलाद बनवताना सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि पोलादाचे उत्पादन झपाट्याने वाढते आहे. सौर पॅनेल कितीही लावले, तरी हा आकडा त्याने थेट कमी होत नाही. उद्योगाच्या पानावर पोलाद प्रकल्पाची बातमी येते, तेव्हा क्षमता आणि रोजगाराबरोबर हा अडीच टनांचा गुणाकारही छापता येईल.

दरडोई आकड्याशिवाय भारताची बातमी अन्यायकारक होते, हेही तितक्याच जोराने सांगायला हवे. वार्षिक उत्सर्जनात चीन आणि अमेरिकेनंतर आपला क्रमांक तिसरा आहे. माणशी मात्र आपण वर्षाला दोन टनांच्या थोडे वर आहोत, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या जवळ आहे आणि अमेरिकेची सुमारे चौदा टन. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा साधारण १८ टक्के, तर १८५० पासून साचलेल्या उत्सर्जनात चार टक्क्यांहूनही कमी. फक्त ‘तिसऱ्या क्रमांकाचा प्रदूषक’ एवढेच छापणारी परदेशी वृत्तसंस्थेची बातमी जशीच्या तशी घेऊ नये. पण ‘आपण तर दोनच टन’ म्हणून एकूण आकडा गाळणेही बरोबर नाही. वातावरणावर परिणाम होतो तो एकूण वायूचा. आणि देशातली सरासरी दोन टन असली, तरी वातानुकूलित घर, दोन मोटारी आणि विमानप्रवास असलेल्या कुटुंबाचा आणि मेळघाटातल्या कुटुंबाचा वाटा सारखा नसतो.

शेवटचा मुद्दा आपल्या वाचकांच्या जवळचा. गोव्यात कोळशाचे वीजकेंद्र नाही, पण गोव्याची वीज मुख्यतः राज्याबाहेरून, बऱ्याच अंशी मध्य भारतातल्या कोळसा केंद्रांतून येते. महाराष्ट्रालाही छत्तीसगडमधल्या कोरबा आणि सिपत इथल्या केंद्रांतून वाटा मिळतो. त्याचे उत्सर्जन छत्तीसगडच्या खात्यावर पडते. राज्यातही तेच चित्र आहे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे केंद्र ६५ टक्के भारांकाने चालले, तर वर्षाला सुमारे दीड कोटी टन कार्बन डायऑक्साइड निघतो. राख आणि धूर चंद्रपूरकर सोसतात, वीज राज्यभर जाते. ‘आमचे शहर कार्बनमुक्तीकडे’ अशी महापालिकेची प्रसिद्धीपत्रके येतात, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: बाहेरून आलेल्या विजेचे उत्सर्जन यात धरले आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तसे बातमीत लिहा.

आमची विनंती अशी. उत्सर्जनाच्या प्रत्येक बातमीसोबत एक छोटी चौकट द्यावी: देशाचा एकूण आकडा कोटी टनांत, १९९० पासूनचा आलेख शून्यापासून सुरू होणाऱ्या अक्षावर, वर्ष आर्थिक की कॅलेंडर, फक्त कार्बन डायऑक्साइड की सगळे वायू, आणि मालिका कोणाची. वीजक्षमतेच्या बातमीत मेगावॅटसोबत युनिटही यावेत. ही चौकट एकदा बनवली की दरवर्षी फक्त एक ओळ बदलावी लागते. ‘ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट’चा वार्षिक अहवाल हवामान परिषदेच्या सुमारास, बहुतेक नोव्हेंबरमध्ये येतो. येत्या अहवालाच्या बातमीपासून ही पद्धत सुरू करावी.

आपले,
ऊर्जा-आकडेवारीचे काही अभ्यासक